दर पावसाळ्यात कॉमन इन्क्युबेटरला बुरशी: पुसण्याआधी हे करून बघा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे का ते कळेल.

मे महिना छान जातो. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, त्यानंतरही दोन-तीन आठवडे काही होत नाही. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी सकाळी पेशी वाढवायचा फ्लास्क उजेडात धरतं आणि विचारतं, "हे काय तरंगतंय?" सावरीच्या कापसासारखा एक छोटा पांढरा गोळा. दोन दिवसांनी दुसऱ्या ग्रुपच्या डिशमध्ये तसाच. आठवडा संपेपर्यंत कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायचं उबदार, दमट कपाट, रिकामा करायची वेळ येते. सगळे मिळून आतून स्पिरिटने पुसतात, आत ओलावा राहावा म्हणून ठेवलेल्या ट्रेमधलं पाणी बदलतात, दहा-बारा दिवस शांततेत जातात. आणि पुन्हा तेच.

दिवाळीच्या सुमाराला हा त्रास आपोआप थांबतो. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. आपोआप थांबतो, पण श्रेय मिळतं ऑक्टोबरात शेवटी केलेल्या उपायाला. एका वर्षी ट्रेमध्ये मोरचूद टाकला, तर पुढच्या वर्षी तोच नियम झाला. एका वर्षी मिडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, बुरशीनाशक घातलं, ते प्रोटोकॉलमध्ये जाऊन बसलं. एका वर्षी तर 'पहिल्या वर्षाच्या मुलांनी डावा इन्क्युबेटर उघडायचा नाही' अशी चिठ्ठी दारावर लागली. ती दोन वर्षं तशीच होती. पहिल्या वर्षाची ती मुलं तोवर तिसऱ्या वर्षाला गेली होती.

मी एका संस्थेतल्या कॉमन टिश्यू कल्चर रूमचं काम बघते. दोन हूड (गाळलेल्या हवेत काम करायची कपाटं), दोन इन्क्युबेटर, एक इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, एक वॉटर बाथ, आणि हे सगळं वापरणारे पाच ग्रुप. गॅस सिलिंडर, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), बुकिंग शीट, भांडणं, सगळं माझ्याकडे. चार पावसाळे आम्ही वर सांगितलेला खेळ खेळलो. पाचव्या वर्षी पुसायचं थांबवून शोधायला लागलो. ते कसं केलं, त्याची ही नोंद.

आधी ही बुरशीच आहे ना?

सोपा प्रश्न वाटतो, पण आमच्याकडे एकदा अख्खा इन्क्युबेटर टिश्यू पेपरच्या एका धाग्यासाठी रिकामा झाला आहे. मायक्रोस्कोपखाली बुरशीच्या तंतूला फांद्या फुटलेल्या दिसतात, बऱ्याचदा मध्ये आडवे पडदे दिसतात. कागदाचा किंवा अॅप्रनचा धागा जाडजूड, एकटा, बिनफांद्यांचा असतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच राहतो. यीस्ट म्हणजे चमकदार अंडाकृती गोळे, एकाला दुसरा चिकटलेला. जिवाणू असतील तर रात्रीत मिडिया गढूळ आणि पिवळा होतो. बुरशीत सुरुवातीला रंग फारसा बदलत नाही, म्हणून ती उशिरा लक्षात येते.

मिडिया गढूळ नाही, नुसताच गुलाबी-जांभळट झालाय, तर बुरशीचा विचार सोडा आणि गॅस बघा. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी खोलीच्या २५ अंशांना काटा साधारण ६४ बार दाखवत राहतो, आणि द्रव संपला की धाडकन पडतो. काट्यावर विसंबू नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. आमचा नेहमी शुक्रवारी रात्री संपतो. का, ते विचारू नका.

मायकोप्लाझ्मा, एक अतिसूक्ष्म जिवाणू, यातला सगळ्यात लबाड. पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. पेशींच्या कल्चरमधला त्याचा वावर १९५६ साली पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हापासून जगभरच्या लॅब त्याच्याशी झगडताहेत. त्याची चाचणी पीसीआरने (डीएनए शोधून) दर तीन महिन्यांनी करा, पावसाळा असो वा नसो. तो वेगळा विषय आहे, इथेच सोडते.

फ्लास्क फेकण्याआधी वही उघडा

कंटॅमिनेशन दिसलं की पहिली प्रतिक्रिया असते लपवण्याची. गुपचूप डिस्कार्डमध्ये टाकायचं, हूड पुसायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. कॉमन रूममध्ये याची किंमत पाचही ग्रुप भरतात. आमच्या जुन्या लॉगबुकात फक्त नाव, वेळ आणि सही होती. त्यावरून 'कोण' एवढंच कळायचं, आणि ते कळून फक्त भांडणं व्हायची.

म्हणून वही बदलली. नवे रकाने असे: कुठला इन्क्युबेटर, कितवा शेल्फ, डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, डिश की फ्लास्क, फ्लास्कचं झाकण फिल्टरवालं की साधं, मिडियाची बाटली कुठली, मिडियात घालायच्या सीरमचा लॉट कुठला, कुठल्या हूडमध्ये काम केलं, आणि शेवटचं कधी उघडलं. नाव लिहायचं की नाही ते ऐच्छिक ठेवलं. ही सवलत दिली आणि आठवडाभरात नोंदी भराभर वाढल्या. कंटॅमिनेशन तेवढंच होतं, लपवणं कमी झालं.

महिनाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की वाचायच्या कशा, ते सांगते. एकाच माणसाचं पुन्हा पुन्हा, बाकीचे ठीक, तर त्याचा हात, त्याचं पिपेट किंवा त्याची स्वतःची ट्रिप्सिनची (पेशी सुट्या करायच्या एन्झाइमची) बाटली. एकच सेल लाइन (पेशींचा एकच वाण), पण तीन वेगवेगळ्या माणसांकडे, तर फ्रीजरमधला स्टॉकच खराब. सगळ्यांचं सगळं एका दिवशी, तर सामायिक मिडिया किंवा सीरम. एकाच हूडमध्ये काम केलेलं सगळं, तर हूड. वेगवेगळी माणसं, वेगळा मिडिया, दोन्ही हूड, पण जागा एकच, तर इन्क्युबेटर.

आमचं उत्तर शेवटचं निघालं. डावा इन्क्युबेटर, बहुतेक वेळा खालचा शेल्फ, त्यातही डावी बाजू. डिश जास्त, फिल्टरवाल्या झाकणाचे फ्लास्क कमी. पाचपैकी चार ग्रुप. ज्या मुलावर सगळ्यांचा संशय होता, तो सगळ्यात वाईट आठवड्यात रत्नागिरीला गावी होता. त्याची कुणी माफी मागितली नाही. मी चहा पाजला.

मिडिया निर्दोष आहे, हे सिद्ध करा

वहीवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी पेशींशिवाय मिडिया उबवा. प्रत्येक उघडलेल्या बाटलीतून पाच मिलिलिटर मिडिया नव्या फ्लास्कमध्ये काढा, अँटिबायोटिक अजिबात नको, झाकण घट्ट लावून ३७ अंशांना पाच दिवस ठेवा. गढूळ झाला तर बाटली दोषी. आमचे सगळे फ्लास्क स्वच्छ राहिले.

मग तोच मिडिया डिशमध्ये घेऊन प्रत्येक शेल्फच्या डाव्या, उजव्या आणि मागच्या बाजूला ठेवला, पाच दिवस. दोन्ही इन्क्युबेटरमध्ये. तिसऱ्या दिवशी डाव्या इन्क्युबेटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या डिशमध्ये कापूस. बाकी सगळ्या साफ. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे मत नव्हतं, पुरावा होता.

हे करताना अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक का नको? कारण अँफोटेरिसिन-बी बुरशीला दाबून ठेवतं, मारतंच असं नाही, आणि पेशींनाही ते त्रासदायक आहे. आमच्या एका ग्रुपने ते वर्षभर घातलं. पावसाळ्यात त्यांचंच कल्चर सगळ्यात स्वच्छ, आणि पेशींची वाढ सगळ्यात मंद. ज्या दिवशी ते काढलं, त्या दिवशी त्यांचेही कापूस दिसायला लागले.

उघड्या प्लेट

इन्क्युबेटरमध्ये बुरशी राहते आहे हे कळलं. पण स्वच्छ केल्यावर ती पुन्हा येते कुठून? यासाठी सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे बुरशी वाढवायच्या सॅबुरो डेक्स्ट्रोज अगारच्या प्लेट. खोलीत ठिकठिकाणी तासभर उघड्या ठेवायच्या, मग झाकून उबवायच्या. प्रत्येक जागेसाठी दोन प्लेट: एक २५ ते २८ अंशांना, दुसरी ३७ ला. हे दोन तापमानांचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल, पण सोडू नका. पावसाळ्यात हवेत असलेल्या पुष्कळ बुरशी ३७ अंशांना वाढतच नाहीत, त्या इन्क्युबेटरमध्ये शिरल्या तरी फार काही करत नाहीत. अॅस्परजिलस फ्युमिगेटससारखी बुरशी मात्र ३७ ला मजेत असते, ५० अंशांच्या आसपासही तग धरते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, हवेत तासन्‌तास तरंगणारे. आपला शत्रू दुसऱ्या प्लेटवर दिसतो.

आम्ही प्लेट कुठे ठेवल्या: दोन्ही हूडच्या आत, इन्क्युबेटरच्या डोक्यावर, वॉटर बाथशेजारी, दारामागे, आणि स्प्लिट एसीच्या समोर. आणि हे सगळं दोनदा केलं: सोमवारी सकाळी एसी सुरू करताक्षणी, आणि त्याच दिवशी दुपारी. दोन वेळांची ही कल्पना आमच्या लॅबमधल्या मामांची. ते म्हणाले, "मॅडम, सोमवारी एसी लावला की पहिली दहा मिनिटं ओल्या गोणपाटाचा वास येतो. बघा त्यात काही असेल तर." चार वर्षं आम्ही जर्नलं वाचत होतो आणि मामांना वास येत होता.

एसीसमोरची सोमवार सकाळची प्लेट तिसऱ्या दिवशी मोजता येण्यापलीकडे गेली. दुपारच्या प्लेटवर तुरळक. इन्क्युबेटरच्या डोक्यावरची दुसऱ्या क्रमांकावर, कारण तिथे सिरिंज फिल्टरचे आणि पिपेटचे पुठ्ठ्याचे खोके रचून ठेवलेले. पुठ्ठा दमट झाला की बुरशीची खानावळच. हूडच्या आतल्या प्लेट स्वच्छ. वॉटर बाथचं काय निघालं ते सांगत नाही, लाज वाटते.

कारण उलगडायला मग वेळ लागला नाही. वीज वाचवायची म्हणून संध्याकाळी सातला सगळ्या खोल्यांचे एसी बंद, शनिवार-रविवार पूर्ण बंद. उन्हाळ्यात त्याने बिघडत नाही. पावसाळ्यात एसीची कॉइल दिवसभर ओली, रात्री बंद, कोमट आणि दमट. तीन रात्री-दोन दिवस तिथे बुरशी पोसली जायची आणि सोमवारी नऊला पंखा ते सगळं खोलीत फेकायचा. नऊ वाजताच सगळ्यांची मिडिया बदलायची घाई, इन्क्युबेटरचं दार सारखं उघडं.

इथे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगची आठवण येते. १९२८ साली लंडनमध्ये त्याच्या प्लेटवर जी पेनिसिलियम पडली, ती खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या ला टूश या बुरशीतज्ज्ञाच्या खोलीतून आली असावी असं मानतात. म्हणजे शेजारच्या खोलीची हवा आपल्या प्लेटवर उतरते हे शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे. त्याला नोबेल मिळालं, आम्हाला विजेच्या बिलाबद्दल मेमो.

पण डावाच का?

हा प्रश्न आमच्या एका पोस्ट-डॉकने लावून धरला, म्हणून बरं. दोन्ही इन्क्युबेटर एकाच खोलीत, एकच हवा, तेच हात. उजवा कधीच का नाही?

इन्क्युबेटरच्या आत ३७ अंश आणि सुमारे ९५ टक्के आर्द्रता असते. अशा हवेचा दवबिंदू साधारण ३६ अंश. याचा अर्थ आतला कुठलाही पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा जेमतेम एक अंशाने गार झाला तरी त्याला घाम फुटतो. आमच्या एसीचा झोत थेट डाव्या इन्क्युबेटरच्या डाव्या भिंतीवर यायचा. ती भिंत आतून सतत किंचित गार, तिथे पाणी जमायचं, आणि ओघळून खाली मागच्या कोपऱ्यात साठायचं. उजवा इन्क्युबेटर झोताच्या आडोशाला. पावसाळ्याबाहेरही पाणी जमतच असणार, पण बीजाणूंचा असा रोजचा रतीब तेव्हा नव्हता.

मग स्क्रू ड्रायव्हर आणला. शेल्फ काढले, शेल्फचे आधार काढले, मागच्या हवेच्या डक्टचं आवरण काढलं. इन्क्युबेटर बसवल्यापासून ते कुणी काढलं नव्हतं. एएमसीचे इंजिनियर वर्षातून दोनदा यायचे, तापमान आणि गॅस तपासायचे, सही घेऊन जायचे. आवरणामागे, डाव्या खालच्या कोपऱ्यात, काळपट हिरवा चिकट थर. चार वर्षं आम्ही जे दिसतं ते चकाचक पुसत होतो.

आणि पुसत होतो ते स्पिरिटने. सत्तर टक्के अल्कोहोल जिवाणूंना मारतं, पण बीजाणू सगळे मरतातच असं नाही. ओला बोळा फिरवून आपण ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो. हूडमधल्या यूव्ही दिव्यावरही फार भरवसा नको. दिव्यावर धूळ बसली की जोर कमी होतो, सावलीत पोचत नाही, आणि काळ्या बीजाणूंना त्यांच्या रंगद्रव्याचंच संरक्षण असतं.

आता सफाई, एकदाच पण नीट

पेशी दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये हलवा, पण फक्त फिल्टरवाल्या झाकणाचे फ्लास्क. उघड्या डिश हलवायच्या असतील तर नव्या डब्यात, वेगळ्या शेल्फवर. बुरशी आलेला फ्लास्क हूडमध्ये नेऊन उघडू नका, 'फक्त बघायला' म्हणूनसुद्धा नाही. तसाच पिशवीत, ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायला) १२१ अंशांवर.

इन्क्युबेटर बंद करून प्लग काढा, गॅस सिलिंडरपाशी बंद करा. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. आमच्याकडे जोडताना दोन स्क्रू उरले होते आणि तो प्रसंग सुखाचा नव्हता. आतला हवा गाळणारा हेपा फिल्टर काढून टाकून द्या, धुऊन परत लावू नका. जे जे धातूचं सुटतं ते ऑटोक्लेव्ह करा, आधी मॅन्युअल बघून. दाराचं रबरी गॅस्केट काढून त्याची खाच जुन्या टूथब्रशने घासा. मळ सगळ्यात जास्त तिथेच निघतो.

आतल्या भिंती आधी साबणाच्या पाण्याने. चिकट थर असताना त्यावर कितीही महागडं औषध ओतलं तरी ते वरच्या वर राहतं. थर गेला की बीजाणूनाशक. आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॅसेटिक अॅसिडचं तयार मिश्रण वापरतो. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढी मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा. फवारलं-पुसलं-झालं असं नाही. ब्लीच बीजाणू मारतं, पण स्टीलला खड्डे पाडतं. दुसरं काही नसेल तर थोडा वेळच, आणि नंतर निर्जंतुक पाण्याने दोनदा पुसा. ब्लीच आणि स्पिरिट, किंवा ब्लीच आणि अॅसिड, कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतात. खोलीची दारं उघडी, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा.

तुमच्या मॉडेलमध्ये कोरड्या उष्णतेचं चक्र असेल, काहींत ते १८० अंशांपर्यंत जातं, तर आता चालवा. आधी मॅन्युअलमध्ये बघा, काही मॉडेलांत गॅसचा सेन्सर किंवा फिल्टर काढून ठेवावा लागतो. तो भाजला तर एएमसीत बसत नाही.

मग नवा हेपा, ट्रेमध्ये ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड वॉटर, एक दिवस रिकामं चालवून तापमान आणि गॅस तपासा. आणि पुन्हा त्या पेशीविरहित डिश, सगळ्या कोपऱ्यांत, पाच दिवस. हे पाच दिवस सगळ्यात कठीण. "आता स्वच्छ दिसतंय, माझं पेपरचं रिव्हिजन आहे" असं म्हणत एक प्रोफेसर स्वतः खाली आले होते. नम्रपणे नाही म्हणायचं. मी वही दाखवली.

ट्रेबद्दल थोडं. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला, वरून भर घालू नका. अतिशुद्ध १८ मेगओहमचं पाणी नको, ते स्टीलला मानवत नाही. नळाचं तर नाहीच. ज्या कारबॉयमधून पाणी भरता, त्याच्या तोटीत कधी बोट घालून बघा. मोरचूद टाकणारे टाकतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, पण आम्ही सोडला. निळं पाणी दिसलं की लोकांना वाटतं काम झालं, आणि मग ट्रे महिनाभर कुणी बाहेर काढत नाही. ट्रेमध्ये ब्लीच मात्र कुणीही घालू नका. त्याची वाफ पेशींनाही लागते आणि स्टीललाही.

एसी, पुठ्ठा आणि वीजबिल

इन्क्युबेटर भिंतीपासून फूटभर हलवला आणि एसीखाली अॅक्रिलिकची पट्टी तिरकी लावली, झोत छताकडे वळेल अशी. खर्च किरकोळ. याचा फायदा हूडलाही झाला. क्लास टू हूडच्या तोंडाशी हवा आत ओढली जाते ती साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने. एसीचा झोत किंवा मागून भराभर चालत गेलेला माणूस एवढा पडदा सहज हलवतो.

एसी चोवीस तास चालू ठेवण्याची परवानगी मिळवायला मात्र सहा आठवडे लागले. पर्यावरणाची, शिस्तीची, नियमाची भाषा करून उपयोग झाला नाही. शेवटी एका पावसाळ्यात फेकून दिलेलं सीरम, मिडिया आणि डिश यांची किंमत एका कागदावर मांडली आणि शेजारी एसीचं वाढीव बिल लिहिलं. दुसऱ्या दिवशी सही झाली. कॉइलची धुलाई आता मेअखेर आणि ऑगस्टमध्ये, पूर्वी मार्चमध्ये एकदाच व्हायची, म्हणजे जेव्हा गरज नाही तेव्हा. लॅमिंग्टन रोडवरून काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणला, तो दारावर टांगलाय. खोली ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, जुलैत तो दरवेळी जमत नाही.

पुठ्ठ्याचे खोके खोलीबाहेर. सामान बाहेर उघडायचं, प्लास्टिकच्या आतल्या पिशव्याच आत आणायच्या. ओल्या छत्र्या आणि लोकलमधून आलेल्या सॅकही बाहेर. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली, कारण बाहेर खुंट्या नव्हत्या. खुंट्या मारल्यावर कुरकुर थांबली.

कॉमन उपकरण म्हणजे बारभाईंचा कारभार. 'सगळ्यांनी स्वच्छता ठेवावी' असा बोर्ड लावला की कुणीच ठेवत नाही. आता प्रत्येक आठवड्याला एका ग्रुपचं नाव असतं, आणि त्या ग्रुपचं काम तीनच गोष्टी: ट्रे बदलणं, गॅस्केट पुसणं, कोपऱ्यातली चाचणी डिश बदलणं. डक्टचं आवरण काढून बघणं माझ्याकडे, दर मेमध्ये. आणि इन्क्युबेटर उघडण्याआधी कुठला शेल्फ, कुठला फ्लास्क ते ठरवून उघडायचं. दार बंद केल्यावर तापमान आणि गॅस लवकर जागेवर येतात, आर्द्रतेला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

मुंबईत हे सगळं नव्याने शोधावं लागतंय याचं कधी कधी नवल वाटतं. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात याच शहरात, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे साठेक पावसाळे झाले. त्या काळच्या कुणा तंत्रज्ञाची पावसाळ्याची वही सापडली तर मी आमची सगळी मॅन्युअलं देऊन ती घेईन.

पुढच्या दोन पावसाळ्यांत काय झालं

पहिला पावसाळा पूर्ण कोरडा गेला, म्हणजे इन्क्युबेटरच्या आत. दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर उजव्या इन्क्युबेटरमध्ये एक डिश गेली. वही काढली. त्या आठवड्याचा ग्रुप अर्धा कोकणात, ट्रे कोरडा पडला होता, आणि घाईत कुणीतरी वॉटर बाथशेजारच्या वॉश बॉटलमधून पाणी ओतलं होतं. दोन तासांत कारण सापडलं, एकाच शेल्फवरच्या वस्तू बाजूला काढल्या, उरलेलं काम चालू राहिलं. आता गौरी-गणपतीच्या आठवड्यात ट्रेची पाळी कोकणातलं घर नसलेल्या ग्रुपला.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लेट लावल्या. एसीसमोरची जवळपास स्वच्छ, इन्क्युबेटरच्या डोक्यावरची स्वच्छ. दारामागच्या प्लेटवर मात्र ३७ अंशांना दोन हिरव्या वसाहती आल्या आहेत. दारामागे मावशींचा ओला मॉप उभा असतो. तो उद्यापासून पॅसेजच्या टोकाच्या मोरीत ठेवायचा ठरलंय, आणि मावशींना ते सांगायचं काम मिटिंगमध्ये सर्वानुमते माझ्याकडे आलंय.